पाटकऱ्याविना पाट

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात एक मत हल्ली सिद्धान्तासारखं सांगितलं जातं. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत ते ऐकू येतं, इथून शिकून पुण्या-बंगळुरूला गेलेल्यांच्या तोंडीही असतं. स्वयंसेवकांनी चालवलेले, एकमेकांशी जोडलेले कीसर्व्हर ही संपलेली गोष्ट आहे. त्या व्यवस्थेला मालक नव्हता म्हणून ती बुडाली. आता एका जबाबदार संस्थेचा एकच सर्व्हर असावा, त्यातच शहाणपण आहे. या मतातला घटनांचा भाग खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला साफ चुकीचा वाटतो. तो का चुकीचा आहे हे समजायला खान्देशातल्या माणसाला पांझरेच्या काठापर्यंत गेलं तरी पुरतं.

आधी कीसर्व्हर म्हणजे काय ते सांगतो. कूटलेखनाच्या या पद्धतीत प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असते. एक खासगी, ती कुणाच्या हाती द्यायची नाही. दुसरी सार्वजनिक, ती जगाला वाटायची. माझ्या सार्वजनिक किल्लीने कुणीही पत्र बंद करून मला धाडावं. ते उघडेल फक्त माझ्या खासगी किल्लीने. उलट, खासगी किल्लीने मी केलेली सही माझीच आहे का, हे सार्वजनिक किल्लीने कुणालाही ताडून पाहता येतं. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ‘पीजीपी’ हा प्रोग्रॅम खुला केला तेव्हा ही विद्या सामान्य माणसाच्या हाती आली. मग अडचण उरली ती वहीची. ज्याला कधी भेटलो नाही त्याची सार्वजनिक किल्ली शोधायची कुठे? आणि त्याहून महत्त्वाचं, त्याची खासगी किल्ली चोरीला गेली, त्याने जुनी किल्ली रद्द केली, तर ती बातमी माझ्यापर्यंत यायची कशी? कीसर्व्हर म्हणजे ही वही. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ब्रायन लामाकिया आणि त्यांच्यामागून मार्क हॉरोविट्झ यांनी असे सर्व्हर उभे केले. ठिकठिकाणचे सर्व्हर नव्या नोंदी एकमेकांना ईमेलने कळवत. एखादा ईमेल वाटेत हरवला की दोन वह्यांत फरक पडे, आणि तो तसाच राही.

ही अडचण ज्या रीतीने सुटली ती गणिताची फार देखणी गोष्ट आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. यारॉन मिन्स्की, अरी ट्रॅक्टनबर्ग आणि रिचर्ड झिपल यांनी प्रश्न असा मांडला: दोघांकडे लाखो नोंदींच्या वह्या आहेत, फरक असेल तो दहा-वीस नोंदींचा; सगळी वही न धाडता तेवढाच फरक कसा हुडकायचा? दाणाबाजारातले दोन अडते असते तर त्यांनी पानापानाच्या बेरजा ताडल्या असत्या. या तिघांनी बीजगणित वापरलं. प्रत्येक किल्लीचा एक आकडा करायचा आणि ते सगळे आकडे ज्याची मुळं असतील अशी बहुपदी मनात धरायची. ठरलेल्या मोजक्या ठिकाणी तिच्या किमती काढून दुसऱ्याला कळवायच्या. एका वहीची बहुपदी अंशात, दुसरीची छेदात. दोघांकडे असलेल्या नोंदी म्हणजे सामाईक अवयव, ते कटून जातात. उरतो तो फरक. शाळेत आपण अंश-छेदातले अवयव काट मारून उडवत होतो, तीच क्रिया. वही केवढीही असो, पाठवायचा मजकूर फरकाएवढाच. मिन्स्की यांनी यावर ‘एसकेएस’ नावाचा सर्व्हर लिहिला आणि जगभरच्या विद्यापीठांनी, छोट्या संस्थांनी, घरी एखादं यंत्र चालू ठेवणाऱ्या हौशी माणसांनी तो लावला. नॉर्वेच्या क्रिस्टियन फिस्करस्ट्रँड यांनी २००६ पासून त्या सगळ्यांना एका सामाईक नावाखाली गुंफलं. वापरणाऱ्याने ते एक नाव टाकायचं, उत्तर चालू असलेल्या कुठल्याही सर्व्हरकडून येई. पन्नास लाखांहून जास्त किल्ल्या अशा रीतीने अनेक ठिकाणी एकसारख्या राहिल्या, आणि त्यासाठी कुणी कुणाला पगार दिला नाही.

आता पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडण्यात मला रस नाही, कारण त्याच्यापाशी खरा पुरावा आहे.

२०१९ च्या जून महिन्यात कुणीतरी रॉबर्ट हॅन्सन आणि डॅनियल कान गिलमोर या दोघांच्या किल्ल्यांवर परक्या सह्यांचा पूर लोटला. हॅन्सन यांच्या एका किल्लीवर दीड लाखाच्या आसपास सह्या चढल्या. ही माणसं याच क्षेत्रातली, वर्षानुवर्षं राबलेली. ज्याने ती किल्ली सर्व्हरवरून उतरवून घेतली त्याच्या यंत्रावर जीएनयूपीजी हा पीजीपीच्या किल्ल्या हाताळणारा प्रोग्रॅम गुदमरून पडला. एसकेएसमध्ये आलेली नोंद पुसायची सोयच नव्हती. वही फक्त वाढणारी. एका सर्व्हरवरून पुसली तर शेजारच्याकडून रातोरात परत येई, कारण शेजाऱ्याच्या हिशेबी ती ‘राहून गेलेली’ नोंद होती. हा धोका आधीपासून ठाऊक होता, तरी कुणी हात घातला नाही. त्यानंतरच्या महिन्यात जीएनयूपीजीने कीसर्व्हरवरून येणाऱ्या परक्या सह्या मुळातच टाकून द्यायला सुरुवात केली. पुढे युरोपच्या विदा-संरक्षण कायद्याखाली नावं काढून टाकण्याच्या मागण्या येत राहिल्या, आणि जून २०२१ मध्ये फिस्करस्ट्रँड यांना ते सामाईक नाव बंद करावं लागलं. पूर्वपक्ष म्हणतो: पाहा, मालक नसला की असं होतं.

इथेच मला पांझरा आठवते. पिंपळनेरकडच्या डोंगरात उगवून धुळ्यावरून तापीला जाणाऱ्या या नदीवर तीन-चारशे वर्षं फड पद्धतीने सिंचन चाललं. नदीत दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या सगळ्या रानाचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. यंदा ऊस कुठल्या फडात, बाजरी-गहू कुठल्या, हे पंच ठरवत आणि दर साल ते फिरत राही. प्रत्येकाची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी-थोडी, म्हणजे उसाचं पाणी कुणा एकाच्याच वाट्याला जाऊ नये. या पाटाला मालक नव्हता. पण पाटकरी होता, हवालदार होता, जागल्या होता. वावराचं दार शेतकऱ्याने स्वतः उघडायचं नाही, पाणी पाटकरीच देणार. पिकात गुरं शिरू नयेत हे जागल्याने पाहायचं. त्या सगळ्यांवर देखरेख हवालदाराची. त्यांचा मोबदला धान्याच्या रूपाने. पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस. कागदावर फारसं काही नव्हतं, तरी कुणी काय करायचं आणि कुणी कशाला हात लावायचा नाही हे पक्कं होतं.

आता एसकेएसकडे याच नजरेने पाहावं. बंधारा होता, पाट होता, पाणी सर्वांना सारखं मिळत होतं. पण कुणीही वाटसरूने कुणाच्याही वावराचं दार उघडावं आणि काहीही सोडावं, याला आडकाठी नव्हती. दुसऱ्याच्या किल्लीवर सही चढवायला त्याची संमती लागत नव्हती. सही खरी आहे का हे सर्व्हर ताडत नव्हता. सह्या किती चढाव्या याला मर्यादा नव्हती. गाळ काढायला माणूस नव्हता, कारण मूळ प्रोग्रॅम ओकॅमल या विरळा भाषेत लिहिलेला, संशोधनातून जन्मलेला, आणि त्यात उतरून दुरुस्ती करू शकतील अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे जे नव्हतं ते पाटकऱ्याचं काम. मालकाच्या अभावावर त्याचं खापर फोडणं म्हणजे पाटाला गाळ धरला म्हणून नदीच विकत घ्यायला निघणं आहे.

माझ्या बाजूच्या लोकांचीही एक चूक इथे सांगितली पाहिजे. कीसर्व्हरवर नाव सापडलं म्हणजे माणूस खरा, असं कित्येक जण धरून चालले. सर्व्हरने असं वचन कधीच दिलेलं नव्हतं. २०१४ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की किल्लीची आठ अक्षरांची छोटी ओळख हुबेहूब जुळणारी दुसरी किल्ली साध्या यंत्रावर काही सेकंदांत बनते. दोन वर्षांनी अशा तोतया किल्ल्या कीसर्व्हरवर खरंच चढलेल्या सापडल्या. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाचीही त्यांत होती. पूर्ण चाळीस अक्षरांचा फिंगरप्रिंट ज्याने माणसाकडून समक्ष किंवा फोनवर ताडला तो फसला नाही. वही शोधायला आहे. ओळख पटवायला साक्षीदार लागतात, आणि हे मराठी मुलखाला नवं सांगायला नको. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसे, निवाड्याचा महजर लिहिला जाई, त्यावर बसलेल्यांच्या साक्षी पडत. पाटलाच्या नावापाशी नांगराची निशाणी, बलुतेदारांच्या नावांपाशी त्यांच्या त्यांच्या हत्याराची. महजराचं वजन त्या निशाण्यांत होतं. आणि निशाणी कोण करी? सभेला बोलावलेला. रस्त्याने जाणाऱ्याने येऊन महजरावर दीड लाख निशाण्या ओढल्या असत्या तर तो कागद कुणी मानला नसता, पण म्हणून महजराची पद्धतच खोटी असंही कुणी म्हटलं नसतं. जीएनयूपीजीने घाईत परक्या सह्या सरसकट टाकल्या तेव्हा पूर ओसरला, पण त्याबरोबर साक्षीदारही गेले. किल्लीच्या धन्याने स्वतः मान्य केलेल्या साक्षीच तेवढ्या पसराव्यात असा प्रस्ताव त्यानंतर पुढे आला. मला तोच रस्ता बरोबर वाटतो.

पाटकऱ्याचं काम नंतर कुणी केलंच नाही, असंही नाही. केसी मार्शल यांनी गो भाषेत लिहिलेला ‘हॉकीपक’ आज या जाळ्यातल्या बहुतेक सर्व्हरवर चालतो. शेजाऱ्याशी ताळा घालायची रीत तीच, बहुपदींची, साठवण पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये. फरक आहे तो दारावर. किल्लीच्या धन्याच्या नावावर खपवलेली सही आधी ताडली जाते. किल्लीच्या आकाराला कमाल मर्यादा घालता येते. घातक ठरलेल्या किल्ल्यांची यादी करून त्या आत घ्यायच्याच नाहीत असं ठरवता येतं, म्हणजे शेजाऱ्याकडून परत येण्याचा प्रश्न त्या यंत्रापुरता मिटतो. मर्यादेपर्यंत कचरा कोंबता येतो हे अजून खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण २०१९ च्या प्रसंगावरून आजच्या जाळ्याचा निवाडा करणारे जुनी नोंद वाचून नव्या वावराची मोजणी करत आहेत. उबुंटूचा कीसर्व्हर, ज्याच्यावर असंख्य लिनक्स यंत्रं रोज विसंबतात, तोही हॉकीपकवरच चालतो.

‘एका संस्थेचा एकच सर्व्हर पुरे’ हे दुसरं म्हणणं. असा एक सर्व्हर जून २०१९ पासून आहे, ‘कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग’. ईमेल पत्त्यावर पत्र पाठवून खात्री केल्याशिवाय तो नाव दाखवत नाही. चांगली माणसं तो चालवतात. मी त्याला वाईट म्हणणार नाही. परंतु त्याने सिद्ध होतं ते एवढंच, की अमुक डाकपेटी अमुक वेळी अमुक माणसाला उघडता आली. ईमेलची खात्री झालेली नसेल तर तो नाव वगळून नुसती किल्ली देतो, आणि जीएनयूपीजीची मूळ आवृत्ती नाव नसलेली किल्ली आत घेत नाही. मग तिच्यासोबतची रद्द केल्याची बातमीही दारातूनच परतते. आणि तो शेजाऱ्यांशी जोडलेला नाही. तो बंद पडला, कुणी अडवला, कुणी आतून बदलला, तर ताडायला दुसरी वही नाही. अडवणं ही काल्पनिक भीती नव्हे. ओपनपीजीपी या पीजीपीच्या खुल्या प्रमाणावर चालणारी प्रोटॉन मेल ही सेवा देशात बंद करण्याचे निर्देश कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिले. त्या आदेशाच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. एका जागी असलेली वस्तू एका आदेशाने दिसेनाशी होऊ शकते, एवढंच त्यातून घ्यायचं.

आणि अधिकृतपणाचं काय? आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीची उतरंड घातली: माथ्यावर प्रमाणन प्राधिकाऱ्यांचे नियंत्रक, त्यांच्याखाली परवानाधारक. आज तलाठ्याच्या डिजिटल सहीचा सातबारा आपण विश्वासाने बँकेत देतो तो याच उतरंडीच्या भरवशावर. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या काही पत्त्यांच्या नावाने कुणी न मागितलेली प्रमाणपत्रं फिरताना आढळली. ती निघाली होती एनआयसीच्या, म्हणजे सरकारच्याच, प्रमाणन यंत्रणेतून. नियंत्रकांनी एनआयसीची मधली प्रमाणपत्रं रद्द केली. क्रोम ब्राउझरने भारतीय मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास मोजक्या पत्त्यांपुरता आखडता घेतला. चोख कायदा होता, मालक होता, परवाना होता. गफलत दिसली ती बाहेरून पाहणाऱ्याला. त्याच्या तीन वर्षं आधी नेदरलँड्समध्ये डिजिनोटार या कंपनीचं असंच आणि याहून भयंकर घडलं होतं. त्यातून जगाने उपाय काय काढला, हे आमच्या पूर्वपक्षाने नीट पाहावं. दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र खुल्या वहीत नोंदवायचं. वही फक्त वाढणारी. एकाहून अधिक लोकांनी वेगवेगळ्या ठेवलेल्या वह्या. कुणालाही तपासायला मोकळीक. म्हणजे उतरंडवाले ज्या बाबीला कीसर्व्हरचा दोष म्हणत होते, तिच्याच आधाराला त्यांना यावं लागलं.

‘आता व्हॉट्सअ‍ॅपच कुलूपबंद आहे, किल्ल्या शोधत बसायचं कुणाला?’ हे तिसरं म्हणणं ऐकलं की पुन्हा पांझरेचाच काठ दिसतो. तिथे वरच्या अंगाला धरणं झाली, गावात वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याची विहीर झाली तो पाट साफ करायला येईनासा झाला. फडातलं पीक त्याला जाच वाटू लागलं. पण त्याच्या विहिरीत पाणी येत होतं ते बंधाऱ्यातून आणि पाटातून मुरलेलं. व्हॉट्सअ‍ॅप किंवा सिग्नल ज्या सर्व्हरवर चालतात, बँका ज्या चालवतात, त्यांतल्या बहुतेक यंत्रांवर लिनक्स आहे. सी-डॅकने सरकारी कचेऱ्यांसाठी केलेली ‘बॉस’ प्रणाली डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली आहे, आणि डेबियनचं प्रत्येक अद्ययावतीकरण ओपनपीजीपी सही ताडूनच आत घेतलं जातं. डेबियनचे विकासक आजही परस्परांना समक्ष भेटून, ओळखपत्र पाहून एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या करतात. २०२३ मध्ये त्यांची जागतिक परिषद कोचीला भरली होती. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपलाही किल्ल्यांची वही लागतेच. ती त्यांच्या कंपनीकडे असते आणि आपल्या मित्राचा साठ आकडी सुरक्षा कोड किती जण ताडून पाहतात? २०२३ मध्ये त्या कंपनीनेच आपली वही बाहेरच्यांना तपासता यावी अशी सोय जाहीर केली. विहिरीच्या धन्यालाही पाटाचा हिशेब पटला, असं मी म्हणेन.

खासगीपणाच्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं खंडन नाही, आणि मी ते करू पाहत नाही. कुणाचंही नाव आणि ईमेल पत्ता त्याला न विचारता वहीत चढू शकतो हा अन्याय आहे. आपल्याकडेही २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचा आशय जाळं चालवणाऱ्यांनी मनापासून स्वीकारायला हवा. हॉकीपकच्या अलीकडच्या घडणीत, धन्याने किल्ली कायमची रद्द केली तर तिच्यावरचं नाव-पत्ता गळून जातो आणि रद्द झाल्याची खूण तेवढी राहते. वहीचं खरं काम ही खूण सर्वत्र पोचवणं. नाव न सांगताही ते होतं. तेव्हा वही राहावी आणि तिच्यातली माणसांची नावं कमीत कमी राहावीत, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की खान्देशात हॉकीपकचा एक सर्व्हर जळगावला आणि एक धुळ्याला चालावा. जळगावला १९९० पासूनचं विद्यापीठ आहे, आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखलं जातं. धुळ्यात जुनी कागदपत्रं जपण्याची, इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाची परंपरा आहे. राजवाडे १९२६ च्या अखेरीस तिथेच वारले आणि त्यांचं दप्तर सांभाळायला लगेच संशोधन मंडळ उभं राहिलं. यंत्र फार मोठं लागत नाही. जुनं पण धड, भरपूर जागेच्या एसएसडीचं, दोन डिस्कवर सारखीच नोंद ठेवणारं. लागतो तो कायमचा सार्वजनिक आयपी पत्ता, कारण घरगुती जोडणीत अनेकांना मिळून एकच पत्ता असतो आणि बाहेरचा शेजारी आत पोचत नाही. ११३७० क्रमांकाचं पोर्ट शेजाऱ्यांशी ताळा घालायला, ११३७१ लोकांच्या विचारणेला, आणि त्यापुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उभा, म्हणजे एकाच ठिकाणाहून येणाऱ्या माऱ्याला तिथेच अडवता येतं. पहिल्या दिवशी रिकाम्या वहीने ताळा घालायला बसायचं नाही. फरक लाखोंचा असला की बहुपदींचं ते देखणं गणित हात टेकतं. आधी चालू सर्व्हरवरून सगळ्या किल्ल्यांचा साठा उतरवून भरायचा, मगच शेजारी जोडायचे.

खरं काम त्यानंतरचं, आणि ते कुठल्याच पुस्तिकेत नीट लिहिलेलं नसतं. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा खोलीतला पंखा बंद पडला तर कुणाला कळणार? यूपीएसची बॅटरी किती वर्षांनी बदलायची, कुणाच्या पैशाने? शेजाऱ्यांपैकी एखादा महिनाभर उत्तर देत नसेल तर त्याला पत्र कोण लिहिणार? एकूण किल्ल्यांचा आकडा शेजाऱ्यांच्या आकड्यापासून दूर सरकतोय का, हे रोज सकाळी कोण पाहणार? नाव काढण्याची विनंती आली तर किती दिवसांत, कुणाच्या शब्दाने? ज्या विद्यार्थ्याने सर्व्हर लावला तो शिकून निघून गेला की पासवर्ड कुणाकडे? यंत्र आणण्याआधी या प्रश्नांपुढे माणसांची नावं लिहिलेली हवीत, किमान दोन-दोन, आणि दर जूनला ती फिरवायची. फडाचे पंच हेच करत होते.

शेजारी निवडतानाही तसंच. हॉकीपकच्या जुळणीच्या फाइलीत प्रत्येक शेजाऱ्याची एक नोंद असते: नाव, पत्ता, पोर्ट. परदेशातले चार-पाच शेजारी हवेतच, नाहीतर दोन जिल्ह्यांच्या वह्या एकमेकींशी जुळून जगापासून तुटतील. पण पहिली नोंद नव्वदेक किलोमीटरवरच्या गावाची असावी, जिथला माणूस एसटीने निघून दुपारपर्यंत समोर येऊन बसू शकतो आणि चाळीस अक्षरांचा फिंगरप्रिंट कागदावरून वाचून दाखवू शकतो. धुळ्याच्या फाइलीत जळगाव, जळगावच्या फाइलीत धुळं. दोन्हीकडे लिहिल्याखेरीज ताळा सुरू होत नाही.